मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग सारखं का जातंय?

अंबाजोगाईहून एका इंजिनिअरिंगच्या पोरानं विचारलंय: "काका, माझी एकदशांश स्केलची इलेक्ट्रिक आरसी, म्हणजे रिमोटवरची, बग्गी आहे. कॉलेजच्या मागं मुरमाच्या मोकळ्या प्लॉटवर पळवतो, कधीमधी शेताच्या बांधावर. तीन महिन्यांत मागच्या उजव्या चाकाचं आतलं बेअरिंग दोनदा गेलं. बाकीची बरी आहेत. ऑनलाइन 'एबीईसी ७' लिहिलेले आणि सिरॅमिकचे सेट दिसायलेत. कुठला घेऊ? आणि साफ करायला डब्ल्यूडी-४० चालेल का?"

पैसे दोन दिवस खिशातच राहू दे. तुझ्या गाडीत चाकं, डिफरन्शियल, गिअरबॉक्स धरून दीड-दोन डझन बेअरिंगं असतील. सगळी एकाच पाकिटातली, सगळ्यांनी खाल्लेली मातीही एकच. त्यातलं एकच, आणि तेही त्याच जागचं, दोनदा गेलं. म्हणजे त्या कोपऱ्यात काहीतरी बिघडलंय. तिथं कितीही भारी बेअरिंग बसवलंस तरी दिवाळीपर्यंत पुन्हा माझ्याकडं येशील. मी वाळूज एमआयडीसीत पंचवीस वर्षं मेंटेनन्सला काढली. एखाद्या मशीनचं एकच बेअरिंग वरचेवर जायला लागलं की आमचे फोरमन नव्याच्या चिठ्ठीवर सही करायचे नाहीत. "आधी जुनं आणून टेबलावर ठेव," म्हणायचे. तेव्हा राग यायचा. आता मी पोरांना तेच सांगतो.

तर तुझी जुनी दोन फेकली नसशील तर शोध. सील, म्हणजे बाजूचं झाकण, उचकटून आत बघ. लालसर तांबूस भुकटी असेल तर पाणी शिरून गंज चढलाय. काजळासारखा काळा लगदा असेल तर धूळ गेली आणि तिनं आतलं पोलाद दळून काढलं. कडी (गोळ्या ज्यांच्यामधे पळतात ती आतली-बाहेरची पोलादी रिंगं) निळसर-तपकिरी पडली असतील तर तापलंय, एक तर वंगण नव्हतं किंवा बाजूनं दाब होता. आणि बाहेरच्या कड्याची बाहेरची बाजू घासून चकचकीत झाली असेल, तर बेअरिंग आतून फिरण्याऐवजी अख्खंच्या अख्खं हबमध्ये, म्हणजे ते ज्या भोकात बसतं त्या चाकामागच्या भागात, फिरत होतं.

आता त्या कोपऱ्याकडं ये. 'आतलं' बेअरिंग म्हणालास, म्हणजे डॉगबोनच्या (डिफरन्शियलकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या) बाजूचं. माझा पहिला संशय दोऱ्यावर. हसू नकोस. एका फेब्रुवारीत माझ्या पोराच्या गाडीचं अगदी हेच झालं होतं. चाक काढलं, हब काढला, वरवर सगळं ठीक. अॅक्सल उजेडात धरला तेव्हा बेअरिंग आणि अॅक्सलच्या खांद्याच्या मधे एक काळं कडं दिसलं, मूळचाच एखादा वॉशर असावा असं. नखानं निघेना. ब्लेडचं टोक घातलं तर त्याचा पापुद्रा सुटला, आणि मग वेटोळ्यावर वेटोळं उलगडत गेलं. संक्रांतीचा नायलॉन मांजा. मैदानावर पडलेला तुकडा अॅक्सलला गुंडाळला गेला, घर्षणानं वितळला आणि लाखेसारखा घट्ट बसला. त्यानं सीलची रबरी कड आत ढकलली होती. तिथून पुढं धुळीला दार सताड उघडं. मांजावर बंदी आहे म्हणतात, पण मैदानं साफ करायला कोण येतंय!

आणि दोरा फक्त संक्रांतीतच सापडतो असं नाही. बांधावर पळवतोस म्हणालास, तर तिथं कुसळी गवत आहे. त्याची कुसळं धोतरात शिरतात तशीच सीलच्या फटीत शिरतात. वेचणीनंतर पऱ्हाटीच्या रानात गाडी घातली तर कापसाचे तंतू, घरात फिरवली तर बहिणीचे केस. दर वेळी चाक काढून अॅक्सलभोवती बघायचं आणि चिमट्यानं ओढून काढायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

दोरा नसेल तर दुसरी तपासणी. चाकाचा नट सैल असताना चाक बोटानं फिरव, मग नट नेहमीसारखा आवळ आणि पुन्हा फिरव. आवळल्यावर चाक जड झालं तर आतल्या कड्यांना आधार देणारी नळी किंवा शिम (पातळ वॉशर) कुठंतरी कमी आहे. नट आवळतो तो आतल्या कड्याला बाजूनं दाबतो, गोळ्या खाचेच्या मधे न पळता कडेला चढतात आणि बेअरिंग बिचारं दिवसभर तिरकं मान करून पळतं. मागं कधी गाडी उघडलीस तेव्हा एक पातळ वॉशर सांडला होता का, आठवून बघ. पाच मिलिमीटर अॅक्सलवरचा ०.१ किंवा ०.२ मिलिमीटरचा शिम गालिच्यात पडला तर सापडत नाही आणि त्याच्यावाचून काही अडलंय असंही वाटत नाही. मात्र उलटंही करू नकोस. या जातीच्या बेअरिंगमध्ये किंचित आत-बाहेर हालचाल मूळचीच असते. ती शिम घालून शून्यावर आणलीस तर तू स्वतःच दाब दिलास.

तिसरं म्हणजे अॅक्सल वाकडा असणं. काचेवर लोळवून बघ, लगेच कळतं. उडी मारताना गाडी एका चाकावर आपटली असेल तर हाच कोपरा असणार. चौथं कारण शेवटी सांगतो, कारण माझी पैज त्याच्यावर आहे.

आता निवडीचं.

आपल्याकडची माती दोन प्रकारची, आणि दोन्ही बेअरिंगच्या वाईटावर. मुरमाची धूळ कोरडी आणि धारदार. आपला खडक बेसाल्ट, त्याच्या पोकळ्यांमध्ये गारगोटी भरलेली असते आणि गारगोटी बेअरिंगच्या पोलादापेक्षा कडक. तिचा डोळ्याला न दिसणारा कण गोळीखाली सापडला की गोळी त्याला खाचेत दाबते, तिथं खळगा पडतो. मग प्रत्येक फेरीत गोळी त्या खळग्यात आपटते, कडा तुटतात, त्याचे कण आणखी खळगे पाडतात. काळ्या मातीची तऱ्हा वेगळी. भिजली की फुगते, चिकटते, सीलवर थापून बसते आणि वाळताना त्याला धरून ठेवते. वरून खरडायला गेलास तर सीलच बाहेर येतं.

म्हणून आपल्या भागात निवडताना पहिला प्रश्न झाकणाचा. 'झेडझेड' म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. ती आतल्या कड्याला टेकत नाहीत, बारीक फट राहते. बेअरिंग हलकं फिरतं आणि धूळही हलकेच आत जाते. '२ आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. त्याची कड आतल्या कड्यावर घासते, त्यामुळं किंचित जड फिरतं. गालिच्याच्या ट्रॅकवर पळवणाऱ्यांना हा जडपणा नको असतो आणि त्यांचं बरोबर आहे. अंबाजोगाईच्या मुरमावर तुला चाकात रबरीच पाहिजे. गिअरबॉक्सच्या बंद पेटीत पत्र्याचं चालतं.

इथं पोरं एका गोष्टीला फसतात. दुकानात बेअरिंग बोटावर धरून टिचकी मारायची आणि जे जास्त वेळ गरगर फिरतं ते भारी समजायचं. जे गरगर फिरतं त्यात बहुतेक वेळा ग्रीस नसतं, नुसतं पातळ तेल असतं. रबरी सीलचं, ग्रीस भरलेलं नवं बेअरिंग टिचकीला दोन फेऱ्यांत थांबतं. थांबू दे. मोटरच्या जोरापुढं तो विरोध काहीच नाही. उलट जुनं, धुऊन कोरडं केलेलं, आतून झिजलेलं बेअरिंग भिंगरीसारखं फिरतं आणि लोक म्हणतात, बघा नव्यासारखं झालं!

एबीईसी हा अमेरिकेतल्या बेअरिंग उत्पादकांच्या संघटनेचा मापदंड. १, ३, ५, ७, ९ अशा पायऱ्या. आकडा मोठा तितकी कड्यांची मापं आणि फिरण्यातली अचूकता काटेकोर. बस, एवढंच. पोलाद कसलं, सील कुठलं, आत ग्रीस किती, गोळ्यांना धरणारा पिंजरा कसा, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही. आणि पाकिटावर '७' छापायला छापखाना पुरतो. तुझ्या चाकाचा हब प्लास्टिकचा. त्या भोकाची अचूकता बघता ७ काय आणि ३ काय, चाकाला कळणारसुद्धा नाही.

सिरॅमिकबद्दलही तेच, पण थोडं सांभाळून बोलतो, कारण वस्तू खोटी नाही. बाजारात सिरॅमिक म्हणून मिळतात ती बहुतेक हायब्रिड, म्हणजे गोळ्या सिलिकॉन नायट्राइडच्या आणि कडी पोलादाचीच. गोळ्या पोलादाच्या निम्म्याहूनही हलक्या आणि जास्त कडक. जिथं फेरे प्रचंड आहेत तिथं याचा फायदा दिसतो. हिशोब कर. तुझा टायर साधारण ८५ मिलिमीटरचा धर, गाडी ताशी ५० किलोमीटरनं पळाली तर चाक मिनिटाला ३,१०० च्या आसपास फेरे घेतं. आणि ३,५०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३,५०० फेरे घेणारी, मोटर ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर मोकळी फिरली तर जवळजवळ २६,०००. म्हणजे सिरॅमिक घ्यायची हौसच असेल तर मोटरसाठी दोन घे. चाकात धूळ गेली की ती गोळीला काही करणार नाही, पण कडं पोलादाचंच आहे, ते खाऊन टाकेल. एका सिरॅमिकच्या पैशात साध्या बेअरिंगची मूठभर येतात. आपल्या धुळीत चाकाचं बेअरिंग म्हणजे चपलेचा अंगठा, तुटला की बदलायचा.

स्टेनलेसचं विचारलं नाहीस, पण पावसाळ्यात पळवणार असशील तर चाकांपुरतं घे. गंजायला वेळ लागतो. अजिबात गंजत नाही असं मात्र नाही.

आता माप. गाडीच्या पुस्तिकेत असतं, नसेल तर व्हर्नियरनं तीन मापं घे: आतलं भोक, बाहेरचा व्यास, जाडी. तुझ्या जातीच्या गाड्यांत ५×११×४, ५×१०×४, १०×१५×४ हे नेहमीचे. मोंढ्यातल्या बेअरिंगच्या दुकानात जाऊन "आरसी कारचं बेअरिंग द्या" म्हणालास तर दुकानदार चहा पाजून परत पाठवील. त्याला नंबर सांगायचा. त्याचं सगळं आयुष्य मोटरच्या ६२०३, ६२०४ मध्ये गेलेलं असतं. छोट्यांचे नंबर असे: ५×११ ला एमआर११५, ५×१० ला एमआर१०५, १०×१५ ला ६७००, आणि मोठ्या बग्गीतलं ८×१६×५ म्हणजे ६८८. एमआरच्या पुढं आधी बाहेरचा व्यास, मग आतलं भोक, हे एकदा कळलं की पाठ करावं लागत नाही. तामिया कंपनीवाले याच ५×११ ला ११५० म्हणतात, हिशोब तोच. जाडी मात्र वेगळी तपास. एमआर१०५ उघडं असलं तर ३ मिलिमीटर, झाकणांचं ४. चुकून पातळ आलं तर बसेल, पण खेळत राहील आणि वर सांगितलेला शिमचा घोळ पुन्हा सुरू. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत इंची बेअरिंगं असतात. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर, ते ५ च्या अॅक्सलवर ठोकून बसवणारे महाभाग मी पाहिलेत.

मोंढ्यात ६८८ कधीतरी मिळतं, बाकीची बहुधा ऑनलाइनच मागवावी लागतील. दहाचं पाकीट घे, दोन गाडीत, आठ डबीत.

साफसफाई. आधी डब्ल्यूडी-४० चं. त्या नावाचा अर्थच पाणी हटवायचं चाळिसावं मिश्रण. गाडी डबक्यात गेली तर पाणी बाहेर काढायला झकास. पण ते आतलं ग्रीस धुऊन नेतं आणि मागं जो पातळ थर ठेवतं तो धुळीला कवटाळतो. ते मारलंस तर काम तिथं संपत नाही, त्यानंतर धुऊन पुन्हा वंगण भरावंच लागतं.

रबरी सील काढायला बारीक सुई घे. टोक आतल्या कड्याच्या बाजूनं, रबराच्या कडेखाली घालून हलकं उचल. बाहेरच्या बाजूनं उचकटलंस तर सीलचा पत्रा वाकतो आणि मग ते परत बसत नाही. पत्र्याच्या झाकणाला काहींत बारीक तारेचं सी-आकाराचं कडं असतं. त्याचं टोक सुईनं सोडव, अंगठा वर धरून ठेव, नाहीतर ते उडून कुठं जाईल याचा पत्ता लागणार नाही. तारेचं कडं नसेल तर झाकण दाबून बसवलेलं आहे, त्याच्या नादी लागू नकोस.

बेअरिंग काचेच्या छोट्या बाटलीत टाक, रॉकेल किंवा मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घाल, झाकण लावून खळखळ हलव. ते काळं झालं की बदल, पुन्हा हलव. तिसऱ्या वेळी स्वच्छ राहिलं म्हणजे झालं. थिनर वापरू नको, सीलचं रबर फुगून जिलेबी होतं. मग कागदावर पसरून पूर्ण वाळू दे.

आणि कॉम्प्रेसरची हवा मारून फिरवू नको. हे मी करून बसलोय. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत पेन्सिलीवर बेअरिंग अडकवून एअर गन लावली होती. डासासारखा आवाज चढत चढत शिट्टीवर गेला, मजा वाटली. दुसऱ्या दिवशी मैदानावर दहा मिनिटांत पिंजरा तुटला आणि हबचं भोक वितळून लंबगोल झालं. कोरड्या बेअरिंगला हवा गाडीपेक्षा कितीतरी जास्त फेरे देते, आणि फुटलं तर तुकडा डोळ्यात. हवा मारायचीच तर दोन्ही कडी बोटांत घट्ट धरून.

वाळल्यावर परीक्षा. पेन्सिलीवर अडकव, बाहेरच्या कड्याला अंगठ्यानं थोडा दाब दे आणि अगदी हळू, सेकंदाला जेमतेम पाव फेरी, फिरव. सगळीकडं सारखी खरखर लागली तर आत माती राहिलीय, पुन्हा धू. एकाच जागी अडखळत असेल, दर फेरीला त्याच ठिकाणी, तर खळगा पडलाय. ते धुऊन जात नाही, भंगारात टाक.

वंगण किती? ५×११ च्या बेअरिंगला ज्वारीच्या एका दाण्याएवढं ग्रीस. खरंच दाणा शेजारी ठेवून बघ. आतल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा त्यानं भरतो आणि तेवढंच पाहिजे. गच्च भरलंस तर गोळ्या ग्रीस घुसळत बसतात आणि ते तापतं. चाकांसाठी पाण्याला दाद न देणारं मरीन ग्रीस घे. मोटरच्या बेअरिंगला ग्रीस नको, तिथं फेरे २६,००० आहेत, पातळ तेलाचा सुईच्या टोकावरचा एक थेंब पुरे. सील बसवलंस की बोटानं दहा-वीस फेऱ्या दे, कडेनं जे बाहेर येईल ते पुसून टाक. बाहेर राहिलेलं ग्रीस म्हणजे धुळीला आवतण.

किती दिवसांनी करायचं? कोरड्या दिवसांत आठ-दहा बॅटऱ्या झाल्या की चाकं काढून हातानं तपास, खरखर असेल तरच उघड. ओल्यात पळवलीस तर त्याच संध्याकाळी. चिखल लागलेली गाडी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊ नको. वाळू दे, जुन्या टूथब्रशनं झाड, सीलजवळचं ओल्या फडक्यानं पूस.

आता ते चौथं कारण. नवं बेअरिंग हबमध्ये कसं बसवलंस? आतल्या कड्यावर स्क्रूड्रायव्हर ठेवून ठोकलं असशील तर सगळा मार गोळ्यांमधून गेला आणि पहिल्याच दिवशी खळगे पडले. बाहेरच्या कड्यावर टेकेल असा गोटी पाना ठेवून अंगठ्यानं दाबायचं, बास. पण माझा अंदाज असा की तुला दाबावंच लागलं नाही, ते आपोआप आत पडलं. पहिलं बेअरिंग अडकलं तेव्हा त्याचं बाहेरचं कडं हबमध्ये फिरलं, प्लास्टिक घासलं, भोक मोठं झालं. दुसरं त्या ढिल्या भोकात डुलत राहिलं आणि म्हणूनच गेलं. तिसरंही जाईल. डावा हब काढून त्यातलं बेअरिंग बोटानं ढकल, मग उजव्यातलं ढकल, फरक लगेच हाताला कळेल. उजव्यात ते नुसतं हब उलटा केल्यावर पडत असेल तर बेअरिंगच्या आधी हब मागव. थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू नये म्हणून लावतात तो गोंद) किंवा फेविक्विक लावून घट्ट करायला जाऊ नको. थ्रेडलॉकरनं काही प्लास्टिकला तडे जातात, आणि फेविक्विक एकदा आत शिरलं की गोळ्याच चिकटतात.

हब मागवताना दोन्ही बाजूंचे मागव, ते जोडीनंच मिळतात बहुतेक. आणि जुनी बेअरिंगं सापडली तर सील काढून आतल्या रंगाचा फोटो पाठव.